वसतिगृहाला माणूस हवा

देवळालीच्या बार्न्स स्कूलचे नाव बीड जिल्ह्यात फारसे कुणाच्या कानावर नसेल, आणि असलेच तर ‘ती मोठ्या लोकांची शाळा’ एवढ्यापुरते. पण 29 जानेवारी 1815 रोजी मुंबईत आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी जी संस्था काढली, ती मोठ्या लोकांसाठी नव्हती. कंपनीच्या फौजेतला गोरा शिपाई मेला की त्याची पोरे उघड्यावर पडत. त्यांना छप्पर, जेवण आणि अक्षरओळख मिळावी म्हणून ती धर्मादाय शाळा निघाली. पुढे ती भायखळ्याला गेली आणि 1925 साली देवळालीच्या माळावर. आज जिच्या फाटकाशी आपण बिचकतो, तिचे मूळ असे अनाथ पोरांच्या शाळेत आहे.

हे आज आठवायला कारण आहे. प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन नुकतेच झाले. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांत कितीतरी पोरे त्या दिवशी रांगेत नव्हती. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेले ऊसतोडीचे कोयते निघाले, त्यांच्यामागे पोरेही गेली. पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या फडावर दहा वर्षांची पोरगी पहाटेच्या गारठ्यात धाकट्याला काखेत घेऊन कोपीपुढची चूल पेटवते आहे आणि उजाडले की वाढे गोळा करायला जाणार आहे. पट्टा पडेपर्यंत तिचे वर्ष बुडालेले असते.

गावात मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. बऱ्याच गावांत त्यांचा अर्थ शाळेत दोन वेळचे जेवण एवढाच. रात्री पोर आजीकडे, नाहीतर चुलत्याकडे. जेवण मिळते हे थोडके नाही. पण रात्री ताप आला, पोरगी घाबरून उठली, गणित अडले, तर हाक कुणाला मारायची?

बार्न्ससारख्या, बिशपच्या अखत्यारीतल्या अँग्लिकन शाळांनी या प्रश्नाचे उत्तर नीट दिले होते, असे आमचे मत आहे. पुण्याची 1864 सालची बिशप्स स्कूल असो की देवळालीची बार्न्स, निवासी शाळेत मुलांचे गट पाडायचे, गटाला ‘हाउस’ म्हणायचे आणि त्याचा मास्तर तिथेच राहायचा. थोरल्याने धाकट्याकडे बघायचे. सकाळी सगळी शाळा एकत्र उभी राहायची. घंटा झाली की मास्तर घरी, हा प्रकारच नव्हता. मुलाच्या चोवीस तासांचे उत्तर देणारे कुणीतरी होते, आणि चारित्र्य वगैरे मोठे शब्द त्यानंतरचे.

त्यांचे सगळेच घ्यावे असे मुळीच नाही. छडी होती, थोरल्यांचा जाच होता आणि एतद्देशीयांना दार फार उशिरा उघडले. शिवाय बिशपचा शब्द प्रमाण! पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात असताना बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असे लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी सुचवले, तेव्हा बाईंनी मठातल्या सिस्टरांना खरमरीत पत्रे लिहिली. धर्म घेतला, बुद्धी गहाण टाकली नाही. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन काढताना मुलींना आपापला धर्म पाळण्याची मुभा त्यांनी ठेवली. पुढे पुण्यात त्यावरूनच वादळ उठले, ते वेगळे. मास्तराचा सहवास घ्यावा, मालकी घेऊ नये, हे रमाबाईंकडून शिकावे.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या त्या शाळांचे वारे इकडे फारसे पोचले नाही. पण हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या दोन्हींकडे स्वामी रामानंद तीर्थांनी काम केले, तेव्हा शिक्षकपण त्यांनी घंटेपुरते मानले नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची माणसे अशा शाळांतून घडली. ही आपलीच परंपरा, आपणच विसरलो.

राज्य सरकारने 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. सुरुवात भाड्याच्या इमारतींतून झाली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. बार्न्सची संस्थाही काही देवळालीच्या इमारतीत जन्मली नव्हती. इमारत नंतर बांधा. आधी प्रत्येक वसतिगृहात मुक्कामी राहणारा, कायम नेमणुकीचा अधीक्षक द्या, आणि मुलींच्या वसतिगृहात तशीच अधीक्षिका. त्यांना राहायला खोली द्या आणि वरचेवर बदली करू नका. पुढच्या दसऱ्याला कोयते निघण्याआधी ही पदे भरली गेली पाहिजेत. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांनी येत्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात सरकारकडून तारीख वदवून घ्यावी.