हातची कला : वळ्यांचा वाडगा

मातीकाम म्हटले की कुंभाराचे चाक डोळ्यांसमोर येते आणि घरात चाक नाही म्हणून बेत तिथेच राहतो. पण भांडे घडवायला चाक लागतेच असे नाही. ट्युनिशियातल्या सेजनान इथल्या बाया आजही निव्वळ हातांनी भांडी घडवतात. त्यांच्या या कसबाचा समावेश युनेस्कोने २०१८ मध्ये आपल्या वारसा यादीत केला. नायजेरियातल्या लादी क्वाली मातीच्या वळ्या एकावर एक चढवून मोठमोठे घडे घडवत. त्यांचे चित्र तिथल्या २० नायराच्या नोटेवर आहे. कुंभारीण आणि नोटेवर! आम्हाला ही गोष्ट फार आवडली.

घडा उभा करणे नवशिक्याला जड जाते. म्हणून आम्ही सोपी रीत घेतली आहे. घरातला एखादा पसरट वाडगा साचा म्हणून घ्यायचा आणि त्याच्या आतून वळ्यांची नक्षी मांडायची. वाडगा तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद हवा. मडक्यासारखा आत वळलेल्या काठाचा घेतला तर काम बाहेर निघणार नाही.

माती मात्र कुंभाराकडूनच आणावी. बाजारात शाडू सहज मिळते, पण ती मूर्तीसाठी असते आणि न भाजताच वापरतात. आपल्याला भांडे भाजायचे आहे. शिवाय ज्याच्या भट्टीत ते जाणार त्याचीच माती असली, तर त्या भट्टीची आच तिला मानवते. माती कणकेसारखी चांगली मळून घ्या. तयार झाली का हे पाहायला एक वळी बोटाभोवती गुंडाळावी. भेगा पडल्या तर थोडे पाणी हवे. हाताला चिकटली तर माती कापडावर थोडा वेळ पसरून ठेवा.

वळी पेन्सिलीपेक्षा किंचित जाड असावी. ती बोटांनी नव्हे, उघड्या तळव्याने लाटायची; मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे सरकत जायचे. जोर दिला की वळी चपटी होते. चपटी झाली तर हलका पीळ द्या आणि पुन्हा लाटा. हाताने शेवया वळणाऱ्या घरांत हे कोणाला शिकवावे लागणार नाही.

आता वाडग्यात ओले मलमलचे कापड सुरकुत्या न पाडता अंथरा. तळाशी मोठी चकली, तिच्याभोवती लहान चकल्या, मध्ये नागमोडी वळी, आणि उरलेल्या फटींत वाटाण्याएवढ्या गोळ्या. मुलांना इथे मोकळे सोडावे. फक्त प्रत्येक तुकडा शेजारच्याला टेकलेला हवा, आणि मांडून झालेल्या भागावर ओले फडके हवे, नाहीतर पहिल्या वळ्या सुकून बसतात.

खरे काम यानंतरचे आहे, आणि नवशिके नेमके तेच उरकतात. आतल्या बाजूने अंगठ्याने एका वळीची माती दुसरीवर ओढत सगळे सांधे बुजवायचे. आतून एकही रेघ दिसता कामा नये. नक्षी बाहेरून दिसणार असली तरी वाडगा एकसंध राहतो तो आतल्या या सारवणामुळेच. बोट ओले करावे, पण पाणी ओतू नये. जास्त पाण्याने माती ढिली पडते आणि वाळताना तडकते. काठाला शेवटी एक सलग वळी द्या आणि तीही आतून सारवून घ्या.

माती वाळताना आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. काठ आधी वाळतो, म्हणून त्यावर प्लास्टिक झाकून ठेवा. चामड्यासारखी घट्ट झाली की वाडग्यावर पाट ठेवून दोन्ही एकदम उलटे करा, साचा उचला आणि कापड अलगद सोडवा. बाहेरची नक्षी तेव्हा पहिल्यांदा दिसते. मुलांना या वेळी जवळ बोलवायला विसरू नका.

पुढे सावलीत आठवडाभर तरी वाळू द्यावे. पावसाळ्यात त्याहून जास्त. उन्हात किंवा पंख्याखाली घाई करू नये. वाळल्यासारखे वाटले की गालाला लावून पाहा. गार लागले तर आत ओल आहे. भट्टीत भांडे फुटले की हवेचा बुडबुडा राहिला असे म्हणतात, पण खरा दोष बहुधा ओलीचा असतो. आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्यात शेजारची भांडीही जातात, म्हणून कुंभार परके काम भट्टीत घ्यायला कचरतो. त्याला कधी घडवले आणि किती दिवस वाळवले हे खरे सांगा, पैसे विचारा, आणि तो नाही म्हणाला तर आग्रह धरू नका.

हे भांडे घरच्या गॅसवर किंवा ओव्हनमध्ये भाजू नये. माती कायमची पक्की व्हायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि कुंभाराची भट्टी त्याहून वर जाते. घरचा ओव्हन अडीचशेच्या आसपास थांबतो. शेगडीवर ठेवलेले भांडे फुटून तुकडे डोळ्यांत जाण्याची भीती असते, आणि जवळ मुले उभी असतात.

भट्टीतून आलेला वाडगा घडवला तेव्हापेक्षा साधारण दहाव्या हिश्शाने लहान झालेला असेल, तेव्हा साचा निवडताना हे धरून चाला. तो पाणी झिरपणारा असतो. सरबत किंवा रस्सा त्यात नको, आणि पाणी राहावे म्हणून आतून व्हार्निश लावून खाण्यासाठी वापरणे तर मुळीच नको. खजूर, अक्रोड, लसूण किंवा किल्ल्या ठेवायला तो उत्तम. खजूर ठेवणार असाल तर खाली कागद घाला, चिकटलेला पाक लवकर निघत नाही.