बाई आली म्हणून मंडळी बुडाली नाही

आवडत्या कलावंताचं नवं चरित्र आलं की चाहत्यांच्या कपाळाला आधी आठी पडते आणि पुस्तक मग उघडलं जातं. १९८८ साली अल्बर्ट गोल्डमनने जॉन लेननचं चरित्र लिहिलं तेव्हा बीटल्सचे जगभरचे चाहते खवळले. १९९० साली मौजेने सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ काढलं तेव्हा पु. लं.वर जीव टाकणाऱ्या घराघरांत वादंग माजलं. २०११ साली बालगंधर्वांवरचा चित्रपट आला तेव्हा आमच्या अष्टमी गावातही आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गावं वेगळी, भाषा वेगळ्या, तक्रार मात्र एकच: आम्हांला त्यांची कला पुरे, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणता?

ही तक्रार मला मुळातूनच अमान्य आहे. गंधर्व गायकीवर माझा जीव आहे आणि त्या नात्यानेच मी हे म्हणतो.

आधी समोरच्यांची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवी, कारण ती मांडणारी माणसं उथळ नाहीत. त्यांचं म्हणणं असं की कलावंत आपल्याला त्याच्या कलेतून मिळतो. तो कुणाशी कसा वागला, कुणाचं कर्ज त्याने थकवलं, कुणासाठी घर सोडलं, याने सुराला काही कमीजास्त होत नाही. शिवाय गेलेला माणूस उठून उत्तर देऊ शकत नाही. चरित्रकाराला पुस्तक खपवायचं असतं, म्हणून तो चिखल उपसतो, आणि ज्यांनी ते गाणं कधी ऐकलंच नाही अशा तरुणांच्या हाती शेवटी तेवढा चिखलच लागतो.

पण ‘कला पुरे’ म्हणणाऱ्यांना कला कधीच पुरलेली नाही. बालगंधर्वांचा कुठलाही भक्त घ्या. पाच मिनिटांच्या आत तो तुम्हांला ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाची गोष्ट सांगेल. १९११ सालचा मार्च, किर्लोस्कर मंडळीचं नवं नाटक, आणि त्याच दिवशी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, लहान मुलगी गेलेली. तरी प्रयोग ठरल्या वेळी झाला आणि बालगंधर्व भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा आवाज भरून येतो, माझाही येतो. पण ही गोष्ट म्हणजे चरित्रच आहे. तीही घरातलीच गोष्ट आहे. तिच्यामुळे ‘मानापमान’च्या पदांतला एक सूरही वरखाली होत नाही. म्हणजे चाहत्याला चरित्र हवं असतं, पण फक्त हात जोडता येतील तेवढंच. आणि मी विचारतो, त्या रात्री लक्ष्मीबाई कुठे होत्या? पोटची पोर गेलेली ती आई घरी कुणाजवळ बसली होती? शंभराहून अधिक वर्षं आपण ही कथा त्यागाची म्हणून सांगतो आहोत आणि त्यागातला निम्मा वाटा जिचा होता तिचं नावही घेत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या चरित्रकाराला चिखल उपसणारा म्हणणं अन्यायाचं आहे.

कुंडलिकेच्या अलीकडे आमची अष्टमी, पलीकडे रोहा. दोन्ही काठांवरचे काही जण जुन्या रेकॉर्डी ऐकायला अधूनमधून एकत्र बसतो. चित्रपटानंतरच्या अशाच एका बैठकीत आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते ठासून म्हणाले, “काही दाखवा हो, पण खरं एकच. ती बाई आली आणि मंडळी बुडाली.”

मी म्हटलं, “अण्णा, बाई कधी आल्या?”

“आल्या तेव्हा आल्या. सालाचं काय घेऊन बसलात?”

सालाचंच घेऊन बसायला हवं, कारण या एका वाक्यावर एका स्त्रीची पाऊणशे वर्षांची बदनामी उभी आहे. गायिका गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्या गंधर्व मंडळीत आल्या १९३८ साली. मंडळी निघाली १९१३ साली, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या भागीदारीत. पुढे दोघेही बाहेर पडले. १९२० साली ‘द्रौपदी’ आलं आणि त्याच्या थाटामाटावर पैसा पाण्यासारखा गेला. खरे भरजरी शालू, खरे दागिने, प्रेक्षागृहात दरवळणारं अत्तर, हे सगळं आज आपण कौतुकाने सांगतो, पण त्याची बिलं कुणीतरी भरायची होती. १९२१ च्या सुमाराला कंपनीच्या डोक्यावर लाखाच्या वर कर्ज होतं. त्या काळचे लाख! ते कर्ज नारायणरावांनी एकट्याने शिरावर घेतलं, नादारी पत्करली नाही आणि वर्षानुवर्षं खेळ लावून ते फेडलं. ज्या साली हे ओझं डोक्यावर होतं त्याच साली केशवराव भोसल्यांबरोबर टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं. गोहरबाईंचं तेव्हा या गोष्टीत नावही नव्हतं.

पुढची सालं पाहा. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलायला लागला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकाचा प्रेक्षक दोन-अडीच तासांच्या बोलपटाकडे वळला. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं. त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनी केली. पुरुषाने नेसलेल्या शालूवर जिचा सगळा डोलारा उभा होता त्या रंगभूमीचे दिवस भरत आले होते. १९३५ साली खुद्द बालगंधर्व व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. बरेच चित्रपट करायचे म्हणून प्रभातशी भागीदारी झाली होती, तो एकच झाला. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस. इथपर्यंतही गोहरबाई नाहीत! अण्णा, घर पंधरा वर्षं गळत होतं आणि आपण दोष दिला तो शेवटी आत आलेल्या बाईला.

त्या मुसलमान होत्या, गाणाऱ्या घराण्यातल्या होत्या, कर्नाटकातल्या होत्या. या तिन्ही गोष्टी त्यांच्या विरोधात वापरल्या गेल्या. ‘भूल घातली’, ‘नादी लावलं’, हे शब्द मी चांगल्या सुशिक्षित तोंडांतून ऐकले आहेत. पन्नाशीचा, नावलौकिक मिळवलेला, शेकडो प्रयोग केलेला पुरुष स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकत नव्हता असं मानायला भक्त तयार आहेत, पण त्याने तो घेतला हे मानायला तयार नाहीत. यात बालगंधर्वांचा मान राहतो असं ज्यांना वाटतं त्यांनी पुन्हा विचार करावा. पुढे नारायणरावांचे पाय गेले, पैसा गेला, गर्दी गेली, आणि १९५१ साली ज्यांच्याशी त्यांनी लग्न केलं त्या गोहरबाई राहिल्या. १९६४ साली त्या गेल्या, १९६७ च्या जुलैमध्ये ते गेले. गोहरबाईंइतकी गंधर्व गायकी आत्मसात केलेला दुसरा गळा त्या काळी क्वचितच असेल. तरीही त्यांची आठवण आपल्याकडे गायिका म्हणून निघत नाही, आरोपी म्हणून निघते.

याचा अर्थ लक्ष्मीबाईंचं दुःख खोटं असा नाही. त्यांचं आणि मुलींचं जे झालं ते झालंच, आणि जो चरित्रकार गोहरबाईंना न्याय देताना त्यांना पुसून टाकील त्याच्याशीही माझं भांडण राहील. एका स्त्रीला खलनायिका केल्याशिवाय दुसरीचं दुःख दिसू नये, अशी काही सक्ती नाही.

चरित्र हवं याला दुसरंही एक कारण आहे. आमच्या बैठकीतली एखादी अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची रेकॉर्ड हातात घेऊन पाहा. काळी, जड, कडेला टवका उडालेली. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं. मधल्या गोल कागदावर पदाचं नाव, नाटकाचं नाव, गाणाऱ्याचं नाव. तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, ऑर्गनवर कोण, चाल कुणाची, यातलं त्या जुन्या रेकॉर्डींवर सहसा काही नसतं. आता हे शेजारी ठेवा: गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष होते. ‘स्वयंवर’च्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचं, पण त्यातली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची, आणि सिंधूच्या ज्या चालींनी महाराष्ट्र रडला त्या पुण्याच्या सुंदराबाईंकडून आलेल्या. समोर सुधाकर म्हणून बोडस उभे नसते तर सिंधूची शोकांतिका उभी राहिली असती का? नगरपरिषदेच्या पाटीवर रोहा-अष्टमी अशी जोडी आहे, पण बाहेरचा माणूस रोहाच म्हणतो आणि अष्टमी गिळून टाकतो. बालगंधर्वांच्या नावाने मंडळीचं नेमकं हेच झालं. ज्याला आपण एका माणसाचं गाणं म्हणून पूजतो ते पंधरा-वीस माणसांनी मिळून केलेलं काम होतं. नुसतं रेकॉर्ड ऐकून ती माणसं कळत नाहीत, ती चरित्रातूनच कळतात. बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ वाचल्यावर मला तीच पदं वेगळी ऐकू यायला लागली. भक्तांना ज्या पुस्तकांची भीती वाटते त्यांनीच माझं ऐकणं वाढवलं.

‘मेलेला माणूस उत्तर देत नाही’ या म्हणण्याचं काय? सुनीताबाईंचं पुस्तक आलं तेव्हा पु. ल. हयात होते, त्याच घरात होते, आणि प्रकाशक त्यांचाही तोच होता. ज्याच्याविषयी लिहिलं त्याने ते पुस्तक अडवलं नाही. अडवायला धावले ते वाचक. त्या पुस्तकात एका विदूषकाच्या मागे उभं राहून हिशेब, दौरे, तालमी, पत्रव्यवहार आणि चूल सांभाळणाऱ्या हुशार बाईचा थकवा आहे, आणि तितकंच प्रेमही आहे. आपल्याला थकवा तेवढा टोचला, कारण ‘बटाट्याची चाळ’ ऐकून हसताना त्या हसण्यामागे कुणाचे कष्ट होते हे ठाऊक नसणं आपल्या सोयीचं होतं.

आता चाहत्यांच्या रागातलं जे खरं आहे ते मी नाकारणार नाही. गोल्डमनवर चाहते रागावले ते योग्यच होतं. लेननला भेटलेल्या-न भेटलेल्या शेकडो माणसांचं ऐकून त्याने द्वेषाने भरलेला जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि जाणकारांनी त्यातले दोष एकेक करून दाखवले. पण उलट टोकही पाहा. वीस वर्षं आधी, १९६८ साली, हंटर डेव्हिसने बीटल्सचं अधिकृत चरित्र लिहिलं. सगळ्यांचा होकार होता, कारण लेननच्या मिमी मावशीला खटकलं ते बदललं गेलं आणि व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइनच्या घरच्यांना नको होतं ते गाळलं गेलं. ते पुस्तक गोड आहे, पण त्यातला एपस्टाइन अर्धाच आहे. द्वेषाने लिहिलेलं आणि मर्जीने लिहिलेलं, या दोन्ही चरित्रांत खोट आहे. चाहत्याचा राग मात्र पहिल्यावरच निघतो, दुसऱ्याला तो हार घालतो.

चाहत्याने मागायचं काय, तर पुरावा. कुठल्या साली, कुठल्या गावी, कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या कागदाच्या आधारे? हे प्रश्न गोल्डमनलाही विचारावेत आणि ‘बाई आली आणि मंडळी बुडाली’ म्हणणाऱ्या अण्णांनाही. हे विचारण्याची ताकद खऱ्या चाहत्याइतकी कुणातच नसते, कारण त्याला तारखा पाठ असतात. मार्क ल्यूइसन हा बीटल्सचा असाच एक वेडा चाहता. त्याने स्टुडिओतल्या नोंदी, करारपत्रं, वर्तमानपत्रं चाळण्यात उभी हयात घातली, आणि २०१३ साली त्याच्या तीन खंडी चरित्राचा पहिला खंड आला तो १९६२ च्या अखेरीपर्यंतच पोचतो, म्हणजे चौकडी जगभर गाजण्याच्या आधीच थांबतो. चाहत्याचं प्रेम असं कामाला लागलं की चरित्रकाराला खोटं लिहिणं अवघड होतं.

आपल्याकडे हे काम पडून आहे. नाटकाच्या दौऱ्यांच्या जाहिराती, तिकिटांची अर्धुकं, साथीदारांची पत्रं, कंपनीच्या हिशेबाच्या वह्या अजून घरोघरच्या ट्रंकांत आहेत, आणि कोकणात कागदाला वैरी फार. दमट हवा आहे, कसर आहे, आणि कुंडलिकेचं पाणी चढलं की तळमजल्यावरच्या ट्रंका आधी भिजतात. नव्या चरित्रावर निषेधाची पत्रं लिहिण्यात जी संध्याकाळ जाते ती यासाठी द्यावी. प्रत्येक कागदाचा फोटो काढावा, मागे गाव आणि साल लिहावं, जुन्या साथीदारांच्या मुला-नातवंडांना गाठून कोण कुठे वाजवत होतं ते टिपून घ्यावं. अण्णांकडेही अशी एक ट्रंक आहे. पुढच्या बैठकीपर्यंत ती उघडायला ते राजी झाले आहेत. गोहरबाईंबद्दलचं मत त्यांनी बदललेलं नाही, पण आता ते साल विचारतात.