जमा-नावे

कॅमेरा घ्यायचा ठरला आणि आमच्यातला कारकून जागा झाला. सोनीचा झेडव्ही-ई१०, २०२१ साली बाजारात आलेला. कागदाच्या मधोमध रेघ मारली. जमेला: वजन अवघे ३४३ ग्रॅम, लेन्स बदलता येते, फोटो २४ मेगापिक्सेलचा, व्हिडिओ ४के, शिवाय वाऱ्याची घरघर अडवायला माइकला केसाळ टोपी. नावे: डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, हात थरथरला तर सेन्सर सावरून धरायची सोय नाही.

“डोळा लावता येत नाही, तो कसला कॅमेरा? एक तर फोटो काढा, नाहीतर शूटिंग करा!” आमचे हेडकॅशियर कडाडले. ही सोवळी मंडळी वरण आणि भातही वेगवेगळ्या पंगतीत जेवत असावीत.

अहो साहेब, वडिलांचे चाळीस फोटो आहेत माझ्याकडे. एकेक लखलखीत. पण जिन्यातून यायची ती त्यांची हाक एकाही फोटोतून ऐकू येत नाही. ही बाकी कुठल्या खात्यात लिहू?

आई आता ऐंशीची आहे. चित्र हलेल? हलू दे की! “मेल्या, हे काय तोंडासमोर धरलंयस?” एवढं जरी रेकॉर्ड झालं, तरी पैसे वसूल.