कोंबडीला डोकी-शेपट्या द्या, बांगडुले नकोत

परवा जेटीवर बारीक मासळीचा ढीग टेम्पोत चढत होता. एकजण म्हणाला, "जाऊ दे रे, कोंबडीच्या पोटात गेलं तरी शेवटी माणसाच्याच ताटात येतं." ऐकायला बरं वाटतं. पण जरा हिशेब करून बघू.

ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोची होते. एवढ्या लवकर वाढायला तिला चांगली प्रथिनं लागतात. मका आणि सोयापेंड हे तिचं मुख्य खाणं, पण सोयात मेथिओनिन कमी पडतं. मासळी शिजवून, दाबून, वाळवून केलेल्या भुकटीत, म्हणजे फिशमीलमध्ये, प्रथिनं ६० टक्क्यांच्या आसपास आणि मेथिओनिनही भरपूर. म्हणून खाद्यवाले ती थोडी मिसळतात. जास्त झाली तर चिकनला मासळीचा वास येतो. यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच, की भुकटी कशाची?

एक किलो फिशमीलला चार-पाच किलो ओली मासळी लागते. बांगडुला वीस ग्रॅमचा धरला तर दोनशे ते अडीचशे बांगडुले झाले. तेच पाण्यात राहून शंभर ग्रॅमचे झाले असते, तर निम्मे वाटेत मेले तरी दहा-बारा किलो बांगडा हाती आला असता. तो आपल्या बायकांनी बाजारात विकला असता, उरलेला सुकवला असता. एक किलो भुकटीसाठी आपण हे सगळं घालवतो.

ट्रॉलरवाले म्हणतात, जाळ्यात आलेली पिल्लं मेलेलीच असतात, डिझेलचे पैसे तरी निघतात. खोटं नाही. पण पिल्लांना हमखास गिऱ्हाईक असलं, की जाळ्याचा आस मोठा करायचं कोण मनावर घेणार? शेजारच्या महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवलं. बांगडा काही राज्याची हद्द बघून पोहत नाही. इकडेही तीच शिस्त हवी.

मग कोंबडीने काय खायचं? तिचं अडणार नाही. मेथिओनिन कारखान्यातही तयार होतं आणि खाद्यात सर्रास वापरतात. आणि फिशमीलच हवं असेल, तर मासळी कापणाऱ्या कारखान्यांत डोकी, काटे, शेपट्या, आतडी यांचे ढीग पडतात. फिले काढल्यावर माशाचं जवळजवळ निम्मं वजन असंच उरतं. जगातल्या फिशमीलचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग आज अशाच टाकाऊ मालातून येतो. त्यात काटे जास्त, म्हणून प्रथिनं थोडी कमी, पण कॅल्शियम-फॉस्फरस मिळतं, तेही कोंबडीला लागतंच. फक्त माल ताजा हवा आणि नीट शिजवायला हवा. कुजलेला माल घातला तर रोगराई आलीच.

माझं म्हणणं सोसायटीपुढे ठेवतो. बाजारात आणि कारखान्यात उरणारी डोकी-आतडी बर्फात गोळा करून खाद्यवाल्यांना विकायची सोय सोसायटीने करावी. पिल्लांच्या मालाला मात्र आपल्या जेटीवर लिलाव नको. सुरुवातीला चार पैसे कमी मिळतील, मान्य. पण पिल्लंच संपवली तर पुढच्या हंगामात जाळं टाकायचं कशासाठी?

पटत नसेल तर बैठकीत येऊन सांगा, पण हिशेब घेऊन या.