दर रविवारी एक पान



गेल्या महिन्यात विहारातली वंदना आटोपून मी चप्पल घालत होतो. तेवढ्यात आमच्या वस्तीतली एक मुलगी जवळ आली. बारावीनंतर ती नर्सिंगचा कोर्स करते. दर रविवारी ती हाताने एक पान लिहून विहाराच्या फळ्याशेजारी चिकटवते आणि त्याचाच फोटो मोबाईलवर ओळखीच्यांना पाठवते. म्हणाली, "जयभीम काका. तीन महिने झाले, सातच माणसं वाचतात. त्यात एक माझी आई. बंद करू का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. वीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता आणि मी बंद केले होते. तेव्हा माझी आत्या हयात होती. तिने सारा जन्म विड्या वळल्या. हजार विड्यांना मजुरी किती, पाने भिजवायची कशी, मुकादम ‘छाट’ म्हणून किती विड्या बाजूला काढायचा, हे ती सांगायची आणि मी दर रविवारी एक पान लिहायचो. पाच पाने झाली. कोणी वाचत नाही म्हणून मी रुसलो आणि थांबलो. २०११ साली आत्या गेली. आज माझ्याजवळ तिची पाचच पाने आहेत. सहाव्या पानावर काय आले असते, ते सांगणारे आता कोणी नाही.

म्हणून त्या मुलीला मी घरी बोलावले. चहा पिता पिता तिच्याशी जे बोललो, तेच आज इथे मांडतो. वस्तीवस्तीत आज लिहू पाहणारी मुले आहेत, घरात गुपचूप वही भरणाऱ्या भगिनीही आहेत.

पहिली गोष्ट वाचकांच्या आकड्याची. मी कारकून माणूस, आकड्यांवर पोट भरतो, तरीही सांगतो की हा आकडा रोज पाहू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, ते पाक्षिक होते. त्यांना शिक्षणासाठी लंडनला जावे लागले आणि मागे ते पत्र फार काळ टिकले नाही. म्हणून त्यांनी नाद सोडला का? ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ काढलेच. हाताखाली लेखक नव्हते. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरून काढावे लागत. वर्गणीदार थोडे आणि पैशाची कायम ओढाताण. १९२९ साली तेही बंद पडले, तर १९३० मध्ये ‘जनता’ आले. आपण बॅरिस्टर नाही आणि आपल्याला चोवीस रकानेही भरायचे नाहीत. आपले एकच पान आहे.

दुसरे उदाहरण फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे. त्यांचे लहानसे किराणा दुकान होते. पुड्या बांधायला आलेल्या रद्दीवरचा मजकूर वाचत त्यांची वाचनाची भूक वाढली. दुकानात बसून त्या लिहीत आणि घरात कळू नये म्हणून वह्या दडवून ठेवीत. असे वर्ष-दोन वर्षे नाही, सुमारे वीस वर्षे चालले. त्या काळात त्यांना सात वाचकसुद्धा नव्हते. पुढे फलटणमध्येच राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते लेखन ‘स्त्री’ मासिकात आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. पुस्तक झालेच पाहिजे असे मी म्हणत नाही. पण त्या वह्या मध्येच थांबल्या असत्या तर?

आता कामाचे बोलू. वार ठरवा आणि तो मोडू नका. रोजकीर्द त्या त्या दिवशी लिहिली नाही, तर मार्चअखेर आकडे जुळवताना घाम फुटतो. लिहिण्याचेही तसेच आहे. पान लहान ठेवा. ती मुलगी सुरुवातीला चार-चार पाने लिहायची. फळ्यापुढे उभा राहणारा माणूस कामावर निघालेला असतो, त्याची लोकल थांबत नाही. परीक्षा असेल, घरात आजारपण असेल, तर "पुढचे दोन रविवार सुट्टी" असे आधी लिहावे. न सांगता गायब झाले की वाचकही गायब होतो.

काय लिहावे, याची चिंता फार करतात. मोबाईलवर आलेला सुविचार उतरवून काढू नका, तो सगळ्यांकडे आधीच पोचलेला असतो. तुमच्या आजीची मजुरी किती होती, वस्तीत पहिला विजेचा दिवा कोणाच्या घरी लागला, तिमाही परीक्षेची फी कशी भरली, हे दुसरा कोणी लिहू शकत नाही. शक्य तिथे साल, भाव, गल्ली लिहा. "पूर्वी फार स्वस्ताई होती" या वाक्याने काही कळत नाही. खिशात एक लहान वही ठेवा आणि विषय सुचला की दोन शब्द टिपा. माझ्या वहीत अजून एकोणीस विषय शिल्लक आहेत. ही शिल्लक मात्र रोज मोजावी, आनंद होतो.

लिहून झाले की घरातल्या कोणाला मोठ्याने वाचून दाखवा. आई जिथे "काय म्हणालास?" असे विचारते, तिथले वाक्य चुकलेले असते. आणि रागात लिहिलेले पान त्याच दिवशी लावू नका. हे मी अनुभवाने सांगतो. २०१५ साली मी पुन्हा लिहायला लागलो, तेव्हा जयंतीच्या वर्गणीचा हिशेब जुळत नाही असे एका पानात ठोकून दिले. नाव घातले नव्हते, पण खजिनदार कोण हे वस्तीला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पावतीपुस्तके घेऊन माझ्या दारात आले. हिशेब पैशापैशाने बरोबर होता. मंडपवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम मी धरलीच नव्हती. बीकॉम झालेला माणूस मी! पुढच्या रविवारी त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात माफी लिहिली. ते पान मात्र सगळ्या वस्तीने वाचले. खजिनदार आजही माझ्याशी मोजकेच बोलतात, आणि ते योग्यच आहे.

तेव्हापासून कोणाच्या घरातली गोष्ट लिहायची असली की आधी त्या घरी जाऊन विचारतो. बहुतेक लोक हो म्हणतात आणि वर आणखी दोन गोष्टी सांगतात. नाही म्हणाले तर विषय सोडायचा. प्रत्येक पानाची एक प्रत घरी फाईलला लावायची, कारण फळ्यावरचे पान पावसाने जाते आणि मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबर जातात.

तिने सगळे ऐकून घेतले, पण बंद करणार की नाही ते काही बोलली नाही.

गेल्या रविवारी विहारात गेलो तर पान लावलेले होते. वस्तीत सार्वजनिक नळ कसा आला, त्याची हकीकत. साल दिले होते १९८७. पानापुढे मागच्या गल्लीतले एक आजोबा काठी टेकून उभे होते. मला म्हणाले, "साल चुकलंय. नळ आला त्या वर्षी माझी थोरली झाली, पंच्याऐंशी साल. पोरगी कुठाय ती?" मी तिला हाक मारली. ती वही घेऊनच आली, आणि दोघे पायरीवर बसले.