ग्रीक-लॅटिन कोणाची मिरासदारी?

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ साली आपला ग्रीक-रोमन विद्येचा विभाग बंद केला. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर दोनच वर्षांनी, १८६७ साली स्थापन झालेले हे कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ. अमेरिकेतील अशा विद्यापीठांत या विद्येचा स्वतंत्र विभाग तेवढाच उरला होता. प्रशासनाने 'अग्रक्रमां'ची भाषा वापरली. हयातभर अर्थशास्त्र शिकविल्याने तिचा अर्थ मला उमगतो : ज्याला मागणी नाही त्याला जगण्याचा हक्क नाही.

व्यवस्थापकांनी असे बोलावे यात नवल नाही. नवल वाटते ते आपल्यातील काही मित्रांचे. गुलाम बाळगणाऱ्यांची विद्या बुडाली तर कष्टकऱ्यांचे काय बिघडले, असे ते विचारतात.

धन्यांनी या विद्येचे कुंपण केले होते, हे खरेच आहे. ऑक्सफर्डला १९२० पर्यंत प्रवेशिकेसाठी ग्रीक सक्तीचे होते. खाणकामगाराच्या मुलाने ते कोठे शिकावे? पण कुंपण मोडावयाचे की शेतच टाकून द्यावयाचे? विल्यम सँडर्स स्कारबरो १८५२ साली जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मले. गुलामाला अक्षरओळख करून देणे तेथे गुन्हा होता. ते चोरून शिकले, आणि १८८१ साली त्यांनी ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले! हॉवर्डमध्येच दीर्घकाळ शिकविणाऱ्या फ्रँक स्नोडेन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, आजच्यासारखा वर्णद्वेष ग्रीक-रोमन जगात नव्हता. वर्णद्वेष निसर्गदत्त मानणाऱ्यांच्या पायाखालची वाळू याच विद्येने सरकविली. (मार्क्सचा १८४१ चा प्रबंधही डेमॉक्रिटस आणि एपिक्युरस यांच्यावरच होता, हे आपले मित्र सोयीस्करपणे विसरतात.)

अथेन्समध्ये बहुतेक अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडले जात, आणि न्यायसभेत बसणाऱ्या गरिबाला दिवसाचा भत्ता मिळे. त्याच अथेन्सचे आरमार लॉरियनच्या ज्या चांदीवर उभे राहिले, ती गुलामांनी खणली होती. लोकशाही आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी एकत्र शिकविणारे दुसरे शास्त्र मला ठाऊक नाही.

राहता राहिला मागणीचा मुद्दा. ज्या शाळेत ग्रीकचे नावही कधी कानावर पडत नाही, तेथील मुलगी ते मागणार कशी? मागणी आकाशातून पडत नाही. ती आधी पुरवठ्याने निर्माण करावी लागते. केंब्रिजला लॅटिन न आलेल्यांसाठी चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. म्हणजे हे अशक्य नाही. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन येथील विभाग तर चालूच आहेत. तेथे मागणीचा हिशेब इतक्या निष्ठुरपणे कोणी मांडत नाही.