रांगेतले तास कोणाच्या खात्यावर?

रत्नागिरी हापूसची पहिली पेटी वाशीच्या बाजारात उतरली की वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र येते, भाव येतो, बागायतदाराचे नावही येते. ती पेटी रात्रभर घाट चढत-उतरत ज्याने आणली त्याचा उल्लेख कोठे होत नाही. तो व्हावा असा आग्रहही कोणी धरणार नाही. पण त्याने ती रात्र किती तास जागून काढली आणि त्यातले किती तास कायद्याच्या हिशेबात धरले गेले, हा प्रश्न मात्र आपल्या सर्वांचा आहे. त्याच रात्री त्याच रस्त्यावरून आपली एस.टी. आणि मे महिन्याच्या सुटीत गावी निघालेल्या आपल्या भावाची गाडीही जात असते.

ट्रकचालकाच्या कामाच्या तासांना आपल्याकडे मर्यादाच नाही, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८; लांब पल्ल्याच्या मार्गावर परवानगीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४; पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती; आणि कामाची सुरुवात ते शेवट हा सारा पसारा बारा तासांच्या आत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही तासांच्या बाबतीत याच कायद्याकडे बोट दाखवले. कागदावर वाईट काही नव्हते.

आता हा कागद रत्नागिरीच्या रस्त्यावर ठेवून पाहू. रत्नागिरी ते नवी मुंबई हे अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. भरलेला ट्रक, वाटेत परशुराम, भोस्ते यांसारखे घाट, २०११ पासून रखडत चाललेले चौपदरीकरण आणि त्यापायी पडलेली वळणे. ताशी सरासरी ३५ किलोमीटर धरले तरी नऊ-दहा तास नुसते चाक फिरण्यात जातात. म्हणजे एक सरळ खेप केली की आठ तासांची मर्यादा ओलांडली आणि दहाची संपत आली. त्याआधी दुपारपासून वाडीवाडीतून पेट्या गोळा करणे, ताडपत्री बांधणे. त्यानंतर पहाटे बाजारात माल उतरवण्यासाठी नंबर लावणे. बारा तासांचा पसारा कधीच मागे पडलेला असतो. आंबा मात्र पहाटेच पोचला पाहिजे. दुपारी पोचलेल्याला भाव नाही.

मग कायदा मोडला म्हणायचे का? येथेच खरी गंमत आहे. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक मोटार कामगार ठेवणाऱ्या व्यवसायांना लागू होता. आपल्याकडे बहुसंख्य ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. कित्येकदा मालकच चालक. त्यामुळे मोडण्यासाठी कायदा मुळात लागू असावा लागतो, तोच बहुतेकांना लागू नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. नव्या संहितेने हे दार रुंद केले असेल असे वाटावे, तर पाचाचे दहा झाले. आता किमान दहा कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाच ती लागू होते.

याहून बोचणारी गोष्ट व्याख्येत दडली आहे. गाडी चालती असतानाचा वेळ हे काम. गाडीशी निगडित बाकीची कामे हेही काम. पण अड्ड्यावर नुसते हजर राहणे हे पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच काम! नव्या संहितेनेही ही पंधरा मिनिटे तशीच ठेवली आहेत. जयगडच्या बंदरात, लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या फाटकाशी किंवा मिरकरवाड्याच्या मासळीच्या धक्क्यावर रांगेत चार तास काढले, तर ते तास विश्रांतीत ढकलायला मोकळीक. अर्थात त्या रांगेत झोप लागत नाही. दर थोड्या वेळाने रांग हातभर पुढे सरकते, मागचा हॉर्न वाजवतो, आणि झोपलेल्याचा नंबर जातो. आठ तासांचा आकडा बदलून फारसे काही साधणार नाही. चालकाला थकवणारा वेळ आणि कायद्याने मोजलेला वेळ हे दोन वेगळे वेळ आहेत, हे आधी मान्य करायला हवे.

चालक आपापल्या परीने यातून वाट काढतो. पगार थोडा, खेपेवरचा भत्ता अधिक, तेव्हा थांबणे म्हणजे पदरचे घालवणे. पेट्रोल पंपाच्या उजेडात तासभर डुलकी काढायची. अंधारात थांबावे तर डिझेल चोरीला जाण्याची भीती. टपरीवरचा चहा, डोळ्यांवर पाणी, तंबाखूची चिमूट. सपाटी लागली की चाक क्लीनरच्या हाती द्यायचे. त्याच्यापाशी अवजड वाहनाचा परवाना असेलच असे नाही. आणि रांगेत गेलेला वेळ भरून काढायला रिकाम्या रस्त्यावर वेग वाढवायचा. हुंडेकरी वेळ विचारतो तो पोचण्याचा. झोपेचा कोणी विचारत नाही.

२०२५ च्या जुलैत हातखंब्याला गॅसचा टँकर उलटला, तेव्हा आसपासच्या लोकांना रात्री घरे सोडावी लागली आणि महामार्ग कित्येक तास बंद राहिला. टँकरची बातमी झाली. मागे अडकलेल्या शेकडो गाड्या रस्ता मोकळा होताच झोपेशिवाय पुढे निघाल्या असतील, त्याची बातमी होत नाही.

राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर पूर्वी दोन चालक सक्तीचे होते, दुसऱ्याला आडवे होता येईल अशी जागाही नियमात सांगितली होती. २०१८ मध्ये ही सक्ती काढून टाकण्यात आली. चालक मिळत नाहीत ही वाहतूकदारांची तक्रार खोटी नव्हती, तरी उपाय त्याच्याच अंगावर आला. १९६१ च्या कायद्यात तास मोडणाऱ्याला जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा ५०० रुपये दंड होता. उलट अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दिवसांत देशभर ट्रक थांबले आणि पेट्रोल पंपांवर आपणच रांगा लावल्या. ते पोटकलम अंमलबजावणीतून वगळले गेले. पळून जाण्याचे समर्थन करता येणार नाही. पण शिक्षेचा हा तराजू कोणीकडे झुकला आहे, ते दिसतेच.

युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते आणि गाडीतले यंत्र ते नोंदवते. आपल्याकडेही २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचे तास ठरवण्याची आणि डुलकी ओळखणारी यंत्रे बसवण्याची गरज बोलून दाखवली होती.

कोकणाने मात्र एक उत्तर फार आधी, बहुधा नकळत, देऊन ठेवले आहे. जानेवारी १९९९ पासून कोकण रेल्वे कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेते. चालक आपल्याच केबिनमध्ये असतो, गाडी पुढे जात असते आणि स्टिअरिंगला हात लावायचा नसतो. इंधन वाचते म्हणून या सेवेचे कौतुक होते. माझ्या मते तिचे मोठे देणे ती झोप आहे. कोकण ओलांडून जाणाऱ्यांची सोय तिने झाली. रत्नागिरीत भरून रत्नागिरीतून निघणाऱ्यांची व्हायची आहे.

नोंदीचा प्रश्न तर जवळजवळ सुटलेलाच आहे. कारखान्याच्या फाटकावर आत आल्याची वेळ लिहितात, वजनकाट्याच्या पावतीवर वेळ छापून येते, टोलनाक्यावर फास्टॅग वेळ टिपतो. ट्रक फाटकाबाहेर किती तास उभा होता हे या तिन्हींवरून काढता येते, आणि माल घेणाऱ्याकडून त्या तासांचे पैसे मागता येतात. तसे मागितले गेले, तर रांग पहिल्या महिन्यातच आखूड होईल असे वाटते. सध्या त्या पावत्या मालाच्या हिशेबाला जोडल्या जातात आणि वर्षअखेरीला बांधून ठेवल्या जातात.